नाशिकचं वळण कोणतं : 1909 की 1930?

पंचवटीकर
रविवारी मिसळीवर सुरू झालेला वाद तिसरा पाव संपला तरी मिटेना, म्हणून इथे टाकतोय. मित्र म्हणतो, देशाच्या इतिहासाला वळण लावणारी नाशिकमधली घटना एकच, 21 डिसेंबर 1909. विजयानंद थिएटरात 'शारदा'चा प्रयोग, बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनचा निरोप, आणि अनंत कान्हेरेंच्या गोळ्या.

मी म्हणतो, वळण लागलं 2 मार्च 1930 ला, काळाराम मंदिराच्या दाराशी, अस्पृश्यांना आत प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या सत्याग्रहात. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली मोर्चा निघाला. 125 पुरुष आणि 25 स्त्रिया अशी पहिली तुकडी चारही दारांवर बसली. एप्रिलमध्ये रामाचा रथ दोन्हीकडच्यांनी मिळून ओढायचा असं ठरलं होतं, प्रत्यक्षात दगडफेक झाली. सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला आणि दार काही उघडलं नाही.

म्हणजे लढा हरला. तरीही वळण तेच, असं मला वाटतं. 'आम्हाला आत घ्या' इथून 'आत यायचंच कशाला' इथवर एक अख्खा समाज त्या पायऱ्यांवर बसून पोचला. गंमत बघा, त्याच 2 मार्चला गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनना मिठाच्या कायदेभंगाची आगाऊ सूचना देणारं पत्र लिहिलं. देशाचे डोळे साबरमतीकडे होते, नाशिककडे कोण बघतंय!

गोळे कॉलनीतला
साफ असहमत. अठराच्या आसपासचा मुलगा भरल्या थिएटरात जिल्ह्याच्या कलेक्टरला गोळ्या घालतो, आणि चार महिन्यांत, 19 एप्रिल 1910 ला, ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे, देशपांडे फासावर जातात. पिस्तुलं लंडनहून आलेली. त्या धाग्याने सरकार सावरकरांपर्यंत पोचलं, मार्चमध्ये लंडनला अटक, मग मार्सेलची उडी, मग दोन जन्मठेपा. 1910 च्या फेब्रुवारीत प्रेस अ‍ॅक्ट आला तोही याच वातावरणात. एका रात्रीत इतकं घडतं त्याला वळण नाही म्हणायचं, आणि जे दार उघडलंच नाही त्याला म्हणायचं? कमाल आहे.

निवृत्त मास्तर
गोळे कॉलनीकर, त्या मुलांच्या धैर्याबद्दल दुमत नाही. प्रश्न वळणाचा आहे. 1897 ला पुण्यात चापेकरांनी रँडला मारलं, 1908 ला मुझफ्फरपूरचा बाँब झाला, 1909 च्या जुलैत धिंग्रांनी लंडनमध्ये कर्झन वायलीला गोळी घातली. जॅक्सन त्याच रांगेतला. रस्ता आधीच त्या बाजूला वळलेला होता, नाशिकला फक्त गाडी जोरात आदळली.

अवांतर : जॅक्सन संस्कृतचा जाणकार, लोक त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणत. पण बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल काळं पाणी झालं, तो खटला त्याच्याच हातून वर गेला होता. वर्गात मी या दोन्ही गोष्टी एकत्र सांगायचो. मुलं गोंधळायची. मला ते आवडायचं.

गोळे कॉलनीतला
वा मास्तर, मग हीच रांगेची फूटपट्टी काळारामाला लावा की! 1924 ला केरळातलं वायकोम, 1927 ला महाडचं चवदार तळं आणि अमरावतीचं अंबादेवी मंदिर, 1929 ला पुण्याची पर्वती. काळाराम तर पाचव्या नंबरावर. जॅक्सनला एक न्याय आणि काळारामाला दुसरा?

पंचवटीकर
हा मुद्दा बिनतोड आहे, रात्रभर खाल्ला मला. पण उत्तर त्यातच आहे. काळाराम रांगेत पाचवा असेल, बाबासाहेबांसाठी तो शेवटचा. त्यानंतर त्यांनी मंदिरप्रवेशाचा दुसरा मोठा लढा उभा केला नाही. मार्च 1934 मध्ये दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवलं, की आपल्या माणसांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा सत्याग्रह नव्हताच, माणसं जागी व्हावीत आणि त्यांना आपली स्थिती कळावी म्हणून होता. आता ती ताकद शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवा, असंही सांगितलं. रांग जिथे थांबते आणि माणसं दुसरी वाट धरतात, ते वळण. जॅक्सननंतर क्रांतिकारकांची वाट बदलली का? तुम्हीच सांगा.

भगूररोड
म्हणजे पुन्हा जातीवर आलात. नाशिककरांना दुसरा विषय नाही का?

पंचवटीकर
1930 ला दारं बंद ठेवणाऱ्यांनाही नेमका हाच विषय नको होता, राव.

येवलेकरीण
इथे पुरुषमंडळी दाराशीच अडकली आहेत. 'हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा 13 ऑक्टोबर 1935 ला कुठे झाली? आमच्या येवल्यात! नागपूरची दीक्षा 1956 ची, म्हणजे सांगितलेलं करून दाखवायला एकवीस वर्षं. पंचवटीकर स्वतःच म्हणतात, वाट जिथे बदलली ते वळण. मग श्रेय नाशिकला का? येवलं म्हटलं की लोकांना फक्त पैठणी आठवते, याचा मला मनापासून कंटाळा आलाय.

आणि त्या पहिल्या तुकडीतल्या 25 बायकांबद्दल कुणीतरी दोन ओळी जास्त लिहा. घरचं आवरून दाराशी बसायचं, वर शिव्या ऐकायच्या, हे सोपं नव्हतं.

निवृत्त मास्तर
ताई, निम्मं मान्य. पण येवल्याची घोषणा काळारामाचे सत्याग्रही ऐकत होते म्हणून तिला वजन आलं. आधी दार वाजवून पाहिलं नसतं तर लोक म्हणाले असते, वाजवून तरी पाहायचं होतं.

निफाडचा कांदेवाला
तुम्ही सगळे 1935 च्या पुढे येणार आहात की नाही? 1980 ला शरद जोशींच्या मागे कांदा आणि उसाच्या भावासाठी आमचे बाप रस्त्यावर बसले. 'भीक नको, हवे घामाचे दाम'. तोवर शेतकरी सरकारकडे मागायचा ते दुष्काळात मदत, कर्जात सूट. त्यानंतर हिशोब मागायला लागला. 1998 ला दिल्ली राज्यातलं सरकार निवडणुकीत हरलं तेव्हा कांदा सगळ्यांच्या तोंडी होता. लासलगावच्या लिलावाकडे दिल्ली अजूनही कान लावून बसते. हे वळण नाही का?

गोळे कॉलनीतला
वळण असेल हो, पण भाव पडला की गाडी पुन्हा जुन्याच रस्त्यावर.

निफाडचा कांदेवाला
ते मात्र खरं. कालच विकून आलो.

गोळे कॉलनीतला
पंचवटीकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : नाही, वाट बदलली नाही, सशस्त्र लढा पुढे चालूच राहिला. एवढं मान्य. पण सावरकर अंदमानात गेले आणि महाराष्ट्रातल्या त्या चळवळीचा कणा मोडला, हे तुम्ही मोजतच नाही. रस्ता बंद पडणं हाही रस्त्याचा बदलच. पुढच्या रविवारी तुमच्या मित्राला घेऊन या. त्याच्या बाजूने कुणीतरी हवंच.

पंचवटीकर
त्याला सांगितलंय. आणि येवलेकरीण ताई, तुम्हीही या.

येवलेकरीण
येते. पण आधी धाग्याच्या शीर्षकात 1935 घाला.