मदत हवी आहे : ऑटिस्टिक भाऊ (वय २९), ऑफिसची धास्ती आणि नागपूरचा उन्हाळा

सावली
भावाला ऑटिझम आहे, निदान २७ व्या वर्षी झालं. सीएच्या ऑफिसात जीएसटीचं काम करतो, कामात चोख. मार्चअखेरीपासून बिघडलंय. दोन आठवड्यांची नोंद देते. झोप जेमतेम साडेचार तास. सकाळी निघताना मळमळ. सीताबर्डीला मेट्रो बदलताना मुठी आवळलेल्या. संध्याकाळी सातला आला की अंधारात दोन-अडीच तास पडून राहतो. बोललेलं ऐकू येतं, उत्तर देता येत नाही. दोनदा कुकरच्या शिट्टीला ताट ढकललं आणि कान दाबून रडला. "टेन्शन आलंय का?" विचारलं की "माहीत नाही". समुपदेशकांनी श्वासाचा व्यायाम दिला, त्याने छातीत जास्तच धडधडतं म्हणतो. हे पॅनिक अटॅक आहेत का? गोळ्या लागतील? ऑफिसला काय सांगू? २० मेला घरात लग्न आहे, साडेतीन आठवडे उरलेत.

कडुनिंब
सावलीताई, त्याचं "माहीत नाही" खरं माना. ऑटिस्टिक प्रौढांपैकी बऱ्याच जणांना आतली भावना ओळखून तिला नाव देणं जड जातं. म्हणून "कसं वाटतंय" नको. "जबडा घट्ट आहे का? पोट? लघवीला शेवटचं कधी गेलास?" असं विचारा, किंवा ० ते ५ आकडे लिहिलेला कागद पुढे करा (० म्हणजे ठीक, ५ म्हणजे असह्य), तो बोट ठेवेल.

पॅनिक अटॅक काही मिनिटांत शिगेला जातो, आपण मरतो की काय अशी भीती असते आणि कित्येकदा कारण सापडत नाही. तुमच्या नोंदीत दिवसभराचा भार साचत गेलेला दिसतो. संध्याकाळचं गप्प होणं म्हणजे शटडाउन (भार असह्य होऊन आत मिटणं), कुकरचा प्रसंग म्हणजे मेल्टडाउन (तोच भार बाहेर फुटणं). शिट्टी ही फक्त शेवटची ठिणगी. चिंतेचा आजारही सोबत असू शकतो, ते डॉक्टरच ठरवतील. मेल्टडाउनमध्ये समजूत घालू नका, प्रश्न विचारू नका, त्याने मागितल्याशिवाय हात लावू नका. दिवा, टीव्ही, मिक्सर बंद करा आणि माणसं बाहेर काढा. आणि ते अडीच तास त्याच्याकडून काढून घेऊ नका. "जरा आमच्यात बस" हा आग्रह प्रेमाचा असला तरी त्याची भरपाई तिथेच थांबते.

श्वासाचा व्यायाम सोडा. धडधडीकडे लक्ष गेलं की ती वाढते, हे अनेकांचं होतं. त्याऐवजी दोन्ही तळवे भिंतीला लावून १० सेकंद जोरात ढकलायचं, पाच वेळा. किंवा मनगटावर गार पाणी.

वर्धारोड
उन्हाचा कोणी विचारच केला नाही. ४४ अंशांत घाम, धडधड, मळमळ तशीही होते, आणि ज्याला तहानच कळत नाही त्याला हे सगळं धास्तीसारखंच वाटतं. तहानेवर सोडू नका. दर तासाला गजर आणि एक पेला पाणी. दुपारनंतर चहा-कॉफी बंद.

कूलर खोलीबाहेर स्टँडवर घ्या, पायांखाली रबर द्या, नाहीतर खिडकीची चौकट रात्रभर थरथरते. वाळ्याच्या ओल्या ताटीचा वास त्याला चालतो का, तेही विचारा. वजनदार गोधडीचा सल्ला सगळीकडे देतात, पण मे महिन्यात ती नको. घट्ट बनियन पुरे.

कानाचं नीट समजून घ्या. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन एकसुरी घरघर कापतो, पण हॉर्न आणि शिट्टी त्यातून येतेच. त्यासाठी कानात घालायचे फोमचे बोळे लागतात. पिळून बारीक करायचे, कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचे. अर्धवट बसले तर उपयोग शून्य. दिवसभर मात्र घालू नयेत, शांततेची सवय लागली की साधा आवाजही टोचायला लागतो. सीताबर्डीला पहिली गर्दी जिना चढून जाऊ द्या, पाच मिनिटं फलाटाच्या टोकाला थांबा.

कडुनिंब
गोळ्यांचं : मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) किंवा एम्सच्या मानसोपचार विभागात जा, ऑटिझम आहे हे आधी सांगा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला सांगा. एसएसआरआय (चिंता-नैराश्यावरची गोळी) दिली तर कमी डोसने सुरुवात करून सावकाश वाढवतात, कारण सुरुवातीला बेचैनी वाढू शकते. परिणामाला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे लग्नासाठी तिच्यावर भिस्त नको. मनाने बंद तर मुळीच करू नका. समुपदेशन चालू ठेवा, पण लेखी, ठोस उदाहरणांवर, दर वेळी त्याच दिवशी, त्याच वेळी.

एक गोष्ट सरळ विचाराच : "जगू नये असं वाटतं का?" ऑटिस्टिक प्रौढांत हा धोका जास्त असतो, आणि विचारल्याने तो वाढत नाही. टेलि-मानस १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

सावली
आज आकड्यांचा कागद दिला. त्याने ४ वर बोट ठेवलं. दिव्यांग प्रमाणपत्र काढलेलं नाही. ऑफिस खाजगी, बारा जणांचं.

तिसरी_घंटा
ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. प्रमाणपत्रासाठी यूडीआयडी पोर्टलवर (दिव्यांग ओळखपत्राचं सरकारी संकेतस्थळ) अर्ज टाका, पण ऑफिसशी बोलायला त्याची वाट बघू नका. पहिल्याच पत्रात कायदाही नको. निदान कळवायचं की नाही हे त्याने ठरवावं. पाचच ओळी, तीनच मागण्या : भिंतीकडे तोंड असलेली, प्रिंटरपासून दूरची ठरलेली जागा, काम तोंडी न सांगता मेसेजवर, आणि मुदत बदलली तर त्याच दिवशी कळवणं. "समजून घ्या" असं लिहिलंत तर साहेबांना नेमकं काय करायचं ते कळणार नाही.

लग्नात त्याला फक्त दोन तास द्या, कोणते ते त्याने निवडावे. हॉलमधल्या एका खोलीची किल्ली त्याच्याच खिशात हवी. जेवण घरून करून येऊ दे. वरातीचा डीजे सुरू व्हायच्या आधी त्याला घरी कोण सोडणार, त्या माणसाचं नाव आजच ठरवून त्याला सांगा. २१ मेला सुट्टी टाका आणि त्या दिवशी पाहुणे त्याच्या खोलीत झोपवू नका.