ताज्या अंजिराने खीर फाटली

प्रश्न (मालवण):
सासवडहून आलेल्या पाहुण्यांनी ताज्या अंजिरांची पेटी आणली होती. त्यांतली सहा कुस्करून मी कोमट दुधात घातली, तेव्हा खीर दाटण्याऐवजी पाहता पाहता फाटली आणि तिला कडवट चवही आली. दूध सकाळचेच होते. चूक कोठे झाली असावी? उरलेल्या फळांचे जेवणाआधी खाण्याजोगे काही करता येईल का?

उत्तर (रत्नागिरी):
दोष दुधाचा नाही. न शिजवलेल्या अंजिरात, विशेषतः देठाजवळच्या पांढऱ्या चिकात, फायसिन नावाचे विकर असते. ते दुधातील प्रथिने तोडून दूध नासवते आणि कडवटपणाही त्यातूनच येतो. उष्णतेने हे विकर निकामी होत असल्याने देठ काढून फोडी थोड्या पाण्यात चांगल्या शिजवाव्यात, गार कराव्यात आणि मगच आटवलेल्या दुधात मिसळाव्यात.

उत्तर (गुहागर):
आम्ही सुके अंजीर भिजवून, बारीक चिरून नारळाच्या चवात शिजवतो आणि गूळ निम्मा करून मोदकाचे सारण करतो. बिया दाताखाली करकरतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते रुचत नाही, मला मात्र तेच आवडते.

उत्तर (वेंगुर्ले):
जेवणाआधी द्यायचे असल्यास अंजीर उभे चिरावे, कापलेली बाजू थेंबभर तुपावर तव्यात मिनिटभर टेकवावी आणि वर पनीर, मिरपूड व कोकमाच्या आगळाचे दोन थेंब घालावेत. आगळ खारट असते, त्यामुळे वेगळे मीठ घालू नये.