केसांचे टोप काढा, मग बोलू: मांगावरचे जपानी चित्रपट कधी जमतात?

रानभूल (धागाकर्ती):
मंडळी, मांगा आणि अ‍ॅनिमेवरून (म्हणजे जपानी चित्रकथा आणि कार्टूनपटांवरून) खरे नट घेऊन काढलेले जपानी चित्रपट सध्या एकामागून एक पाहतेय. मत ठाम झालंय, ते टाकते. तुटून पडा.

चित्रातलं पात्र पडद्यावर हुबेहूब दिसलंच पाहिजे हा हट्ट जितका जास्त, तितका चित्रपट वाईट. पुराव्याला एकच दिग्दर्शक घेते, सोरि फुमिहिको. २००२ साली मात्सुमोतो ताइयोच्या मांगावरून त्याने 'पिंग पाँग' काढला. शाळकरी पोरं, टेबल टेनिस, आणि मैत्रीतली चढाओढ. सामन्यातला चेंडू संगणकाने काढलेला आहे, पण पोरांचा घाम खरा वाटतो. त्याच माणसाने २०१७ मध्ये 'फुलमेटल अल्केमिस्ट' केला. गोष्टीतलं जग युरोपसारखं, म्हणून चित्रीकरणाला थेट इटली गाठली आणि जपानी नटांच्या डोक्यावर पिवळे टोप चढवले. मला दोन तास टोपच दिसत होते. गंमत म्हणजे त्यात सगळ्यात जिवंत वाटतो तो अल्फोन्स, म्हणजे ज्याला शरीरच नाही असं संगणकातलं रिकामं चिलखत!

कोयताबहाद्दर:
साफ असहमत. 'रुरौनी केन्शिन' पाहिलात ना? लाल केस, गालावर फुलीचा व्रण, उलट्या धारेची तलवार, सगळं मांगातलंच. तरी २०१२ ते २०२१ पाच चित्रपट निघाले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. कारण अ‍ॅक्शन दिग्दर्शक तानिगाकी केन्जी. हा माणूस हाँगकाँगमध्ये मारामारीच्या चित्रपटांचा नट डॉनी येन याच्याबरोबर काम करून आलेला. त्याने नायक झालेल्या सातो ताकेरुला अक्षरशः पळवलाय. आणि दिग्दर्शक ओतोमो केइशी एनएचके या जपानी वाहिनीच्या ऐतिहासिक मालिका करून आलेला, म्हणून कपडे मळलेले आणि गल्ल्या धुळीच्या. टोपाला कसला दोष देता? टोपाखालच्या माणसाला काम काय दिलंय ते बघा.

रानभूल:
मांगाच्या मुखपृष्ठावरचा लाल आणि चित्रपटातला लाल शेजारी ठेवून बघा. चित्रपटात तो बराच उतरवलाय. म्हणजे ओतोमोला माझं म्हणणं पटलेलं होतं.

कोयताबहाद्दर:
सोयीचा पुरावा. आणि 'गिन्तामा'? त्यात ओगुरी शुनचे केस चक्क रुपेरी आहेत.

रानभूल:
तो विनोदी आहे. तिथे टोप हाच विनोद.

आगाऊ आजोबा:
पोरांनो, २०१२ च्या आधीही जपानमध्ये चित्रपट निघत होते. कोइके काझुओ आणि कोजिमा गोसेकी यांच्या मांगावरून १९७२ ते ७४ मध्ये 'लोन वुल्फ अँड कब'चे सहा चित्रपट आले. मांगातला नायक इत्तो सडसडीत, आणि पडद्यावर वाकायामा तोमिसाबुरो, चांगला गरगरीत गडी! पण तलवार उपसली की चेहरा कोण बघतो? इथवर मी रानभूलताईंच्या बाजूने.

पण पुढे नाही. कारण त्या चित्रपटांत रक्त कारंज्यासारखं उडतं. १९७३ च्या 'लेडी स्नोब्लड'मध्ये तर पांढऱ्या किमोनोवर ते रंगाच्या डब्यातून ओतल्यासारखं भडक दिसतं. मांगातली चौकटच ती, जशीच्या तशी उचललेली. चेहरा सोडला, पण चित्र नाही सोडलं. तुमचं 'हुबेहूब नको' इथे अडतं.

सांजवेळ:
तलवारीबाहेरही मांगा असतो हो. योशिदा अकिमीच्या मांगावरून कोरे-एदाने २०१५ मध्ये केलेला 'अवर लिटल सिस्टर' पाहा. कामाकुरातलं जुनं घर, तीन बहिणी आणि वडिलांच्या अंत्यविधीला भेटलेली चौथी सावत्र. अंगणातल्या झाडाच्या फळांचं मद्य घालणं हीच काय ती 'अ‍ॅक्शन'. मांगावरून आलाय हे न सांगता दाखवा, कुणाला कळणारही नाही.

कोयताबहाद्दर:
कळणार नसेल तर मग मांगा कशाला घ्यायचा?

शंकासुर:
आजोबांचा मुद्दा पुढे नेतो. लोककथांवरचे चित्रपटही यात धरा, मग धागाकर्तीचा सिद्धांत पुरता कोसळतो. कोबायाशी मासाकीचा 'क्वाइदान', लाफ्कादिओ हर्नने लिहून ठेवलेल्या कथांवरचा. १९६५ ला कान चित्रपट महोत्सवात ज्यूरीचं विशेष पारितोषिक मिळालेला, म्हणजे भारदस्त म्हणावा असाच. पण त्यातलं आकाश बघा! हिमस्त्रीच्या कथेत आकाशावर चक्क मोठाले डोळे रंगवलेत. बर्फ, जंगल, समुद्र, सगळं स्टुडिओत उभारलेलं, आणि ते लपवायचा जराही प्रयत्न नाही. कान गमावलेल्या होइचीच्या कथेत दान-नो-उराची ११८५ ची लढाई येते, तर कॅमेरा मध्येच रंगवलेल्या चित्रांवर जातो आणि तिथून परत नटांवर येतो. त्यावर ताकेमित्सुचं संगीत, ज्यात लाकूड तडकल्यासारखे आवाज आहेत. मला तर 'फुलमेटल'पेक्षा 'क्वाइदान' जास्त 'चित्रासारखा काढलेला' वाटतो. मग तो का जमला?

रानभूल:
कारण लोककथेला मूळ चित्र नसतं. हिमस्त्री कशी दिसते हे कुणी ठरवलेलं नाही. प्रेक्षक मांडीवर मांगा उघडून तुलना करत नाही. कोबायाशी मोकळा होता.

शंकासुर:
नसतं कसं? तोरियामा सेकिएनने १७७६ मध्ये भुताखेतांची सचित्र पोथीच काढली, हिमस्त्री आहे त्यात. तीच चित्रं पुढे मिझुकी शिगेरुच्या मांगात झिरपली, आणि मिइके ताकाशीच्या २००५ च्या योकाई (जपानी भुतंखेतं) चित्रपटात स्वतः मिझुकी एका योकाईच्या भूमिकेत येऊन जातो. लोककथा, चित्र, मांगा, चित्रपट हे सगळं एकात एक गुंतलेलं आहे. जपानी प्रेक्षकाला भूत कसं दिसतं हे पक्कं माहीत असतं.

पिठलंभाकर:
सगळे दिग्दर्शकालाच धरून बसलात. तिकडे निर्मितीला समिती असते: प्रकाशक, टीव्ही वाहिनी, वितरक, कधी नटांची एजन्सी, सगळ्यांचे पैसे. प्रकाशकाला मांगाचे खंड खपवायचेत, एजन्सीला आपला चेहरा पुढे करायचाय. टोप त्या बैठकीत ठरतो.

आणि 'अटॅक ऑन टायटन'ला (२०१५) कुणी शिव्या घालायच्या आत सांगतो, त्यात मांगातलं लिवाय हे पात्र नाही हे मलाही खटकलं. पण पहिल्या हल्ल्यातले ते दात विचकणारे नागडे टायटन (माणसं खाणारे राक्षस) म्हणजे खरी माणसंच, मोठी करून दाखवलेली. अ‍ॅनिमेत मला अशी किळस कधी आली नव्हती.

सांजवेळ:
आपल्याकडे 'चिंटू'वर २०१२ मध्ये चित्रपट आला तेव्हा आमच्या घरी हाच वाद: पेपरातला चार रेघांचा पोरगा तो असा का दिसतोय!

कोयताबहाद्दर:
रानभूल, शेवटचा प्रश्न. 'डेथ नोट', २००६. मात्सुयामा केन्इचीचा गुप्तहेर एल मांगातून कापून चिकटवलाय. तसाच उकिडवा बसतो, तसेच डोळ्यांखाली काळे. तुमच्या हिशोबाने तो वाईट. आणि फुजिवारा तात्सुया नायक लाइटसारखा अजिबात दिसत नाही, म्हणजे तो उत्तम. असं म्हणणारा एक माणूस दाखवा.

रानभूल:
मी म्हणते ना. दुसऱ्या भागाचा शेवट परत बघा. तिथे चित्रपट मांगाची वाट सोडतो, आणि तिथेच फुजिवाराचा लाइट पहिल्यांदा घाबरलेला पोरगा वाटतो. एल मात्र शेवटपर्यंत पोस्टरच.

शंकासुर:
एलला पोस्टर म्हणालात? आता हा धागा शंभरी गाठणार.