अनुभव धागा: सेवेला जायचंय, पण जेवणाचे पैसे कोण देणार?

पाऊलवाट
मंडळी, जूनपासून आठ महिने मेळघाटात जायचं ठरवलंय, धारणी तालुक्यात, कुपोषित मुलांचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेबरोबर. मी फिजिओ आहे. राहायला खोली संस्था देणार, मानधन शून्य, म्हणजे जेवण, प्रवास, फोन आणि इथं आईचं औषधपाणी सगळं माझ्याकडे. महिन्याला 14,000 च्या आसपास. साठवलेत त्यात तीन महिने निघतील. उरलेले ओळखीच्यांकडून जमव, असं संस्थेच्या ताई अगदी सहज म्हणाल्या आणि तिथंच घोडं अडलंय. पूरग्रस्तांसाठी असते तर डबा घेऊन सोसायटीभर फिरले असते हो, पण "माझ्या जेवणाचे पैसे द्या" हे तोंडातून निघेना. मेसेज चार वेळा टाइप केला, चारही वेळा खोडला. ज्यांनी असं मागितलंय त्यांनी लिहा. फसलेलं असेल तर ते आधी लिहा.

अर्धा_कप
फसलेलं मीच लिहितो मग. आसामला तीन महिने शिकवायला जायचं होतं, एका क्राउडफंडिंग साइटवर पेज केलं, टार्गेट 90,000. फोटो झकास, मजकूर इतका भावुक की आता वाचला तर लाज वाटते. दोनशेच्या वर लोकांनी शेअर केलं आणि पैसे दिले 19 जणांनी. एकूण 23,000, त्यातले 8,000 आईने भिशीतले टाकलेले निघाले, तेही "एक हितचिंतक" या नावाने! मला वाटत होतं कोण हा देवमाणूस. शेवटी गेलोच नाही, पैसे परत करत बसलो. शेअर करणाऱ्याला वाटतं आपण दिले. हे एवढंच कळलं.

लेस्टरची_चकली
मी मूळ नागपूरची, इथं यूकेत नर्स आहे. मर्सी शिप्स म्हणून संस्था आहे, 1978 पासूनची, त्यांची हॉस्पिटल असलेली जहाजं आफ्रिकेतल्या बंदरांना महिनोन्महिने लागून राहतात आणि ऑपरेशनं फुकट होतात. पण तिथं काम करणारे बहुतेक सगळे व्हॉलंटियर, आणि मी गेले तेव्हा नुसते बिनपगारी नाही तर जहाजावर राहण्या-जेवण्याची फी दर महिन्याला आपणच भरायची, वर विमानाचं तिकीट, यलो फीवरची लस, विमा. मी त्यांच्या ग्लोबल मर्सी या जहाजावर गेले होते, सिएरा लिओनला, फ्रीटाउन बंदरात.

आता गंमत बघा. माझ्या वॉर्डातल्या इंग्लिश बायकांना हे सांगितलं तर एकीनेही भुवई उचलली नाही, चर्चमधून असं कोणाला तरी पाठवायची त्यांना पिढ्यांची सवय आहे, दर महिन्याला दहा-वीस पाउंड लावून टाकले आणि विषय संपला. आपल्या मंडळात सांगितलं तर पहिला प्रश्न, "पगार किती देतात?" दुसरा, "म्हणजे तूच पैसे देऊन काम करणार? वेडी का काय?" राग आला होता. पण मग दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतल्या, चकली, चिवडा, बेसन लाडू, आणि पिशवीवर चिठ्ठी चिकटवली की हे पैसे माझ्या जहाजाच्या फीला जाणार. तीच माणसं, ज्यांनी वेडी म्हटलं, त्यांनी तीन-तीन किलो नेलं आणि सुटे परत घेतले नाहीत. सोऱ्या फिरवून फिरवून उजव्या मनगटाला क्रेप बँडेज बांधून ड्यूटी केली मी, पेशंट विचारायचे काय झालं, सांगू काय, चकली?

फ्रीटाउनला क्रिओ बोलतात. सकाळी राउंडला गेलं की "आऊ दि बॉडी?" विचारायचं, म्हणजे कशी आहे तब्येत. भाजल्यामुळे कोपरात हात आखडलेली एक पोर होती, ती मलाच आधी विचारायची. तिचं बँडेज सुटल्यावर कोपर पूर्ण सरळ झालेलं बघितलं आणि मंडळातल्या ज्या काकूंनी सगळ्यात जास्त लाडू नेले होते त्यांना रात्री दोन ओळी लिहिल्या. त्यांचं उत्तर, "लाडवात तूप कमी होतं, पुढच्या वर्षी बघ."

रात्रपाळी
एक भर. सगळीकडे असं पदरमोड करावं लागत नाही. एमएसएफ, म्हणजे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स, त्यांच्याकडे करार असतो, प्रवास आणि पगार तेच देतात, शहरातल्या प्रॅक्टिसपेक्षा कमी पण देतात. तेव्हा संस्थेला आधी स्पष्ट विचारा, कशाकशाचे पैसे तुम्ही देता. विचारायला लाजून मी एकदा उन्हाळाभर पंख्याच्या दुरुस्तीचे पण खिशातून दिलेत.

नदीकाठचा
2019 च्या ऑगस्टच्या पुरानंतर आम्ही सहा जण डोंबिवलीहून शिरोळ तालुक्यात गेलो, दहा दिवस, घरांतला गाळ काढायला. जीपचं भाडं, डिझेल, आमचं खाणं, फावडी, गमबूट, धनुर्वाताची इंजेक्शनं सगळं धरून लोकांकडून जमवलं, माझ्याच यूपीआयवर, 61 हजार आले. तिकडचं काम सांगत बसत नाही, गाळाला जो वास असतो तो ज्याने घेतला त्याला माहीत. एका म्हाताऱ्या आज्जीच्या घरातून भांडी काढत होतो तर ती म्हणे बाबांनो आधी चहा घ्या, आणि चहा करायला घरात कोरडं लाकूड नव्हतं.

परत आलो आणि आठवड्याने सोसायटीच्या ग्रुपवर एकाने आमचा फोटो टाकला, महामार्गावर थांबून वडापाव खातानाचा, आणि खाली लिहिलं, "आमच्या पैशाचा वडापाव गोड लागला का?" स्मायली होता हो शेवटी. पण दोन दिवस जेवण गेलं नाही मला. कारण खरंच त्यांच्याच पैशाचा होता! मी मागताना "पूरग्रस्तांसाठी" एवढंच लिहिलेलं, आमचं खाणं-डिझेल त्यात आहे हे लिहायला लाजलो होतो. चूक माझी. मग बसून सगळ्या पावत्यांचे फोटो, शीट, उरलेले 4,300 कुठल्या शाळेच्या वह्यांना दिले ते, सगळं ग्रुपवर टाकलं. त्या माणसाने अंगठा दिला फक्त. तेव्हा ताई, जेवणाचे मागतेयस ना, मग जेवणाचेच म्हणून माग. नंतर हिशोब देण्यापेक्षा आधी लाज गिळलेली बरी.

हिशोबनीस
सीए आहे, रुक्ष बोलतो, माफ करा. तुमच्या स्वतःच्या खात्यात आलेल्या पैशावर देणाऱ्याला 80जीची, म्हणजे देणगीवरची टॅक्स सवलत मिळत नाही, ती नोंदणी असलेल्या संस्थेच्या पावतीवरच. रोख 2,000 च्या वर दिले तर पावती असूनही नाही. आणि नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर 80जी मुळातच नाही, त्यामुळे "टॅक्स वाचेल" असं सांगून मागू नका, अर्ध्या लोकांचा वाचत नाही.

आता तुमचं. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून 50,000 च्या वर भेट आली तर वरचीच नाही, सगळी रक्कम उत्पन्नात धरतात. नातेवाईक म्हणजे आईवडील, भाऊ-बहीण, मामा, मावशी, काका, आत्या वगैरे. चुलतभाऊ, मामेबहीण हे इन्कमटॅक्सच्या लेखी परके. एकूण उत्पन्न कमी असेल तर टॅक्स लागणार नाही कदाचित, पण नोंद ठेवा. आणि अमेरिकेतला कोणी देत असेल तर पासपोर्ट कुठला ते विचारा, नागरिकत्व बदललं असेल तर तो पैसा कायद्याने परदेशी, संस्थेला तो घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी लागते.

जुनं_खोड
आमचे वडील वार लावून शिकले पुण्याला. म्हणजे सोमवार एका घरी जेवायचं, मंगळवार दुसऱ्या, असे सात वार सात घरं. त्यांना विचारलं होतं, लाज नाही वाटली? म्हणाले, एकाच घरी सात दिवस जेवलो असतो तर वाटली असती. पुढे मी कॉलेजात असताना मे महिन्यात सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला निघालो, बाबा आमट्यांच्या, मूल तालुक्यात, तर भाडं नव्हतं. वडील म्हणाले वार लाव. सात जणांकडून थोडे थोडे घेतले, एकाने रद्दी दिली, ती मी विकली. पाऊलवाट, तुझे 14,000, सात वार, वाराला 2,000. बघ जमतंय का.

बुधवारचं घर मात्र वडील शेवटपर्यंत विसरले नाहीत. तिथं ओसरीवर वाढायचे, सगळ्यांचं झाल्यावर, गार भात.

माणदेशी
काका चांगलं लिहिलंत, पण ते वार सगळ्यांना मिळत नव्हते. आमच्या आज्याला पुण्यात कोणी ओसरीवर पण बसवलं नसतं. तो साताऱ्याला भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात शिकला, 1924 चं ते, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी, अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्र पण. भाऊराव आण्णा सुद्धा मागतच फिरायचे गावोगाव, धान्य, पैसे, मिळेल ते. फक्त मागताना मान खाली नव्हती म्हणतात.

जुनं_खोड
खरं आहे. हे मी लिहायला हवं होतं.

पाऊलवाट
सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल रात्री मेसेज पाठवला शेवटी, ग्रुपवर नाही, एकेकाला. "मेळघाटातल्या पाच महिन्यांचं माझं जेवण, एसटी, फोन आणि आईची औषधं, वाराला दर महिन्याला 2,000, कुठला वार घेशील?" असा. नदीकाठचा, औषधं मुद्दाम लिहिली.

मावशीने सोमवार घेतला, मामाने विचारलं गुरुवारी उपास असतो तर 1,000 चालतील का, त्याला पूर्ण लावले. कॉलेजची मैत्रीण मंगळवार. शनिवार एका जुन्या पेशंटने घेतला, गुडघेवाले आजोबा, त्यांना मी पाठवलाच नव्हता मेसेज, मुलीने वाचून दाखवला म्हणे. एकीने अजून ब्लू टिक देऊन ठेवलंय, ती बोलत नाहीये. मामा-मावशी सोडून पाच वार म्हणजे बरोब्बर 50,000, हिशोबनीस, वर नाही ना जात?

बुधवार अजून रिकामा आहे. काका, तुमच्यामुळे तो कोणाला विचारताना जरा हात थांबतोय.