वन्यप्राण्यांची डॉक्टर व्हायचंय, मदत हवी आहे (नागपूर)

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात माझी इंटर्नशिप चालू आहे. पुढे वन्यप्राण्यांतच काम करायचंय आणि त्यावरून घरी रोज वाजतंय.

बाबा उमरेडकडचे, दावणीला चार गाई. "एमपीएससी दे, पशुधन विकास अधिकारी हो. वाघाची डॉक्टर होऊन का करशीन?" त्यांचं अगदीच चूक नाही. मी विचारलं तिथे तिथे कंत्राटच निघालं.

मागच्या महिन्यात एका उपचार केंद्रात कुत्र्यांनी पाठलाग केलेलं चितळ आलं. मांडीवर दोन दातांच्या खुणा, बस्स. पण गाडी येईस्तोवर भोवती लोक मोबाइल घेऊन उभे होते. ताप १०७. डोळ्यांवर फडकं बांधलं, अंगावर गार पाणी, सलाईन, अंधारी खोली. दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी, आणि संध्याकाळी गेलं. जखमेनं नाही, धसक्यानं. कॅप्चर मायोपथी, म्हणजे पळापळीच्या आणि भीतीच्या ताणानं स्नायूच निकामी होणं! मी ती परीक्षेपुरती वाचली होती. गाय निदान हात तरी लावू देते हो.

तर, एम.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) थेट वन्यजीव विषयात करू की आधी सर्जरी? आणि डार्टिंगचा, म्हणजे लांबून भुलीचं इंजेक्शन मारण्याचा, हात कुठे बसतो? झायलाझिन-केटामिन ही भुलीची औषधं मी फक्त कुत्र्यांना दिलीयत, तेही काट्यावर वजन करून.

प्रतिसाद

माझ्याच कॉलेजची दिसतेस, म्हणून अरेतुरे करतो.

बाबांशी भांडू नकोस. वनविभागात वाघ-बिबटे बेशुद्ध करणारे बरेच डॉक्टर पशुसंवर्धन खात्यातूनच प्रतिनियुक्तीवर आलेले असतात. एमपीएससी दे, वाट तिकडूनही आहे. एम.व्ही.एस्सी. करणार असशील तर माझं मत सर्जरी. भूल आणि हाडं तिथेच पक्की होतात. गोरेवाड्याच्या वन्यजीव केंद्रात जाऊन विचारून ये, आणि पोस्टमॉर्टेम एकही सोडू नकोस.

डार्ट मारणं त्यातल्या त्यात सोपं. परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांची लागते, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. खरी गोम वजनाची. जंगलात काटा नाही, डोस नजरेच्या अंदाजावर भरायचा. झायलाझिनला योहिम्बिनचा उतारा आहे, केटामिनला नाही. ते उतरायच्या आत उतारा टोचलास तर जनावर झटके देत उठतं.

तोवर एक कर. बाबांच्या गाईचं वजन आधी नजरेनं सांग, मग छातीच्या घेराला वजनाची टेप लावून बघ. सुरुवातीला मी म्हशीला शंभर किलोनं चुकलो होतो.

धागाकर्ती

आत्ताच केलं. कपिलेला मी पन्नास किलो कमी धरलं. बाबांनी टेप न लावता बरोबर सांगितलं.