मदत हवी आहे : मृत्युपत्रावरून सातबाऱ्यावर मुलीचे नाव लावण्याबाबत

नमस्कार. माझे यजमान नुकतेच सांगलीत वारले. माझ्या पहिल्या लग्नाच्या मुलीला त्यांनी कधीही परके मानले नाही. परंतु हिंदू वारसा कायदा, 1956 नुसार सावत्र मूल आपोआप वारस ठरत नाही, हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी हिंडतेफिरते असतानाच दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करून ते नोंदवले आणि मिरज तालुक्यातील स्वकष्टार्जित जमीन तिच्या नावे केली. विम्यापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सारे कागद खाकी फाइलमध्ये असून प्रत्येकावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात सूचना आहे. एवढी काळजी कोण करतो! त्यांच्या इच्छेप्रमाणेच सारे व्हावे, ही माझी तळमळ आहे. तलाठी कार्यालयात फेरफारासाठी मृत्यू दाखला व मृत्युपत्राखेरीज काय लागते, आणि सासूबाईंची हरकत नसली तरी त्यांची लेखी संमती जोडावी का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.