‘०४/०३’ नेमकी कोणती? आणि तारीख, तिथी, मिती यांतला फरक

प्रश्न (सांगली) :
बेदाण्याच्या व्यवहारात हा घोळ वारंवार होतो, म्हणून विचारतो. आमच्या कोल्ड स्टोरेजच्या पावतीवर ०४/०३ म्हणजे मार्चची चार. अमेरिकेतला खरेदीदार तेच लिहितो तेव्हा ती एप्रिलची तीन असते. मराठीत लिहिताना यावर काही पक्की रीत आहे का? आणि दुसरं, एका फॉर्मवर ‘जन्मतिथी’ छापलं होतं. आमच्या आत्याबाईंनी तिथं सरळ ‘श्रावण शुद्ध पंचमी’ लिहिलं. फॉर्म परत आला. आत्याबाईंचं चुकलं का?

उत्तर (सातारा) :
आत्याबाईंचं काहीच चुकलं नाही, फॉर्मचं चुकलं. हिंदीत ‘तिथि’ कोणत्याही तारखेला चालते, तोच शब्द उचलून मराठी फॉर्मवर ठेवला की असं होतं. मराठीत तिथी म्हणजे पंचांगातली, चंद्राच्या गतीवरची. इंग्रजी महिन्याची ती तारीख किंवा दिनांक. ‘मिती’ जुन्या कागदांत आणि लग्नपत्रिकांत तिथीच्या आधी येते. म्हणून ‘जन्मतारीख’ किंवा ‘जन्मदिनांक’ एवढंच छापावं. ‘अर्जाची अंतिम तिथी’ हेही तसंच खटकतं.

हा भेद आपल्याकडे तरी जपायलाच हवा. प्रतापगडावर शिवप्रताप दिन मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला होतो. पुस्तकात अफझलखानाच्या वधाची तारीख १० नोव्हेंबर १६५९ अशी असते. ती जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने मोजली तर २० नोव्हेंबर येते. इंग्रजांनी नवी पद्धत १७५२ साली घेतली, तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. त्याआधीच्या घटनेची तारीख सांगताना कोणत्या पद्धतीची हे सांगितलं नाही, तर दोन अभ्यासक दोन्ही बरोबर असूनही भांडत बसतात. तिथी मात्र दोन्हीकडे तीच.

अर्थात तिथीतही मेख आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमी, तर तिकडच्या पंचांगात तोच दिवस भाद्रपदात. त्याहून मोठा घोटाळा ‘चैत्र १’ चा. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून घेतलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सौर आहे. तिची चैत्र १, शके १९४६ ही २१ मार्च २०२४ ला होती. गुढीपाडवा, म्हणजे चैत्र शुद्ध १, शके १९४६, आला ९ एप्रिलला. महिना तोच, शक तोच, आकडाही तोच. फरक फक्त ‘शुद्ध’चा. राजपत्रातली शके तारीख वाचताना हे ध्यानात ठेवा.

आता तुमचं ०४/०३. दिवसाचा आकडा १२ पर्यंत असला की घोटाळ्याला जागा मिळते. ०४/०४ सारख्या जोड्या वगळल्या तर वर्षात असे १३२ दिवस निघतात. बाकीच्या दिवसांत आकडाच सांगतो की महिना कोणता. मला उपाय एकच पटतो : महिना अक्षरात लिहा. ४ मार्च २०२६. आपण बोलतोही तसंच, ‘मार्चची चार तारीख’. जुन्या मोडी कागदातही महिना नावानेच येतो.

प्रश्न (सांगली) :
पत्रात लिहीन. पण संगणकावरच्या शीटमध्ये अक्षरं कुठं घालत बसायची?

उत्तर (सातारा) :
तिथं २०२६-०३-०४ असं लिहा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाची ही पद्धत १९८८ पासून आहे. फाइलच्या नावात घातली तर फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. संगणकाची सेटिंगही एकदा बघून घ्या. ती अमेरिकी असली तर तुम्ही टाकलेली ०५/०६ गुपचूप ६ मे होते, आणि १३/०६ मात्र तेरावा महिना नसल्यामुळे नुसता मजकूर म्हणून पडून राहते. एकाच रकान्यात अर्ध्या तारखा उलट्या, अर्ध्या मुक्या. हंगामाचा हिशेब जुळत नसेल तर आधी तिथं बघा.

प्रश्न (सांगली) :
बघितलं, अमेरिकीच होती. अजून एक. पंचांगात अमावास्येपुढे ३० का असतो? वद्य पक्षात तर पंधराच तिथ्या.

उत्तर (सातारा) :
पौर्णिमेला १५ लिहितात, म्हणून अमावास्येला पुन्हा १५ न लिहिता महिन्याच्या सुरुवातीपासून मोजून ३० लिहितात. ‘वद्य ३०’ म्हणजे अमावास्याच.